बटाट्यांचा वर्ग

चिलोए बेटावर नेटवर्क
टेकडीवरच्या गोठ्यामागेच लागतं,
तेही वारा पडला तर.
म्हणून होडीवाल्या इग्नासिओकडे पिशव्या दिल्या:
लोकर, कोळसा, चार बटणं
आणि चिठ्ठी. गणित राहू दे.
घरात सापडेल त्याचं काहीतरी करा.

एलिसेओ मार्चपासून बोललेला नाही.
आई सांगते, जेवतो, झोपतो, मेंढ्यांत असतो.

गुरुवारी फोटो आला, अडकत अडकत:
चुलीपाशी फळीवर एकवीस बटाटे,
जांभळे, लांबुडके, चामखिळींचे.
डोळे तर बटाट्याला असतातच.
रोसाउराला बटणांचा चष्मा,
नेल्सनला टोपी, जी तो वर्गातही काढत नसे.
पुढे एक सुरकुतलेला, बाजूला छडीसारखी काडी.
ती मी.

विचारलं, आणि तू कुठेयस?
तीन दिवस काही नाही.
मग आवाज, वाऱ्याने अर्धा खाल्लेला:
"बाई, मी फोटो काढतोय ना."

आता सप्टेंबर. वर्गाला कोंब फुटलेत.
आई म्हणाली, फेकू?
तो म्हणाला, लावू.
नेल्सनला कुंपणाच्या आडोशाला,
त्याला गार वारा सोसत नाही.
बाईंना सगळ्यात शेवटी.
त्यांची हजेरी व्हायचीय अजून.