जागच्या जागी अठराशे

ओपेल उभी असली तरी पळत असते.
सिग्नलला, गॅस भरताना, नूनेच्या शाळेसमोर,
न्यूट्रलमध्ये, पाय काढून घेतलेला असताना
काटा अठराशेवर.
जसं कुणी दारात येऊन
चपला न काढताच बोलत राहावं.

"एवढं कुठं जायचंय हिला?" सेरोब विचारतो.
बॉनेट उघडतो, पण लगेच हात घालत नाही.
आधी ऐकतो.
ग्युम्रीत जानेवारी, उणे अठरा.
पाने तो स्टोव्हवर शेकून घेतो,
लोखंडाला बोटं चिकटू नयेत म्हणून.

दीर म्हणाला होता, केबल अडकत असणार.
शेजारचा बेनिक म्हणाला, गॅसची टाकी बसवली की असंच.
मी आपली सेन्सर बदलून मोकळी झाले,
बारा हजार द्राम,
आणि काटा तसूभर हलला नाही.
"नाडी न बघता औषध," सेरोब म्हणतो,
माझ्याकडे न बघता.

मग फवारा घेतो.
सांध्यासांध्यावर एकेक झुळूक,
"चोरून हवा पीत असेल तर इथं आवाज बदलेल."
आम्ही दोघं श्वास धरून.
बदलत नाही.
ब्रेककडे जाणारी नळी चिमटून बघतो. नाही.
बारक्या रबरी नळ्या, एकेक, अंगठा लावून.
नाही. नाही. हीपण नाही.
नाही म्हणताना त्याचा सूर चढत नव्हता,
हे मला बरं वाटलं.
घरात मला जमत नाही ते.

शेवटी इंजिन बंद करून
हवेचा जाड पाइप काढला, आत टॉर्च मारली.
"काजळी बघ. धुराड्यात नसते एवढी."
आणि झडपेच्या कडेशी वाकून
बराच वेळ गप्प.

"इकडे ये. हा स्क्रू.
याच्यावर कंपनीचा पिवळा ठिपका असतो,
हात लावू नका म्हणून. तो फुटलाय.
आणि खाच बघ, कशी चेचलीय.
हे पेचकसाचं काम नाही, सुरीचं आहे.
कोण असतं घरी?"

सुरी मी ओळखली.
चीज कापायची, टोक वाकलेली.
त्यावरून मी नूनेला बोलले होते,
ती रडली होती, मी नाही केलं म्हणत.

मागचा फेब्रुवारी.
भर चौकात गाडी बंद पडली,
मागच्या सीटवर नूने तापानं फणफणलेली,
ट्रकचा भोंगा थेट पाठीत,
तीनदा चावी, चारदा, सहादा.
घरी येऊन मी झिरायरला जे म्हणाले
ते इथं नको.
दोन दिवसांनी तो नोवोसिबिर्स्कला गेला,
बांधकामावर, दर वर्षी जातो तसा.
डिसेंबरात येतो. यंदा आला नाही.

म्हणजे त्या दोन दिवसांत कधीतरी.
अंगणात, बहुतेक रात्री,
दातात टॉर्च धरून.
आणि एक अक्षर बोलला नाही.

सेरोबनं झडप धुतली, लख्ख.
इंजिन लावून स्क्रू मागं घेतला, पाव फेरा, अजून पाव.
हजार. नऊशे. साडेआठशे.
"रोग घाणीचा होता," हात पुसत म्हणाला,
"यानं नुसतं तिला घाबरवून जागं ठेवलं."
मग जरा थांबून,
"बंद पडली नसेल मात्र एकदाही."
नाही, म्हणाले. एकदाही नाही.

रात्री फोन लावला. तिकडे तीन तास पुढे,
तो झोपेतच.
"कुठला स्क्रू?" म्हणाला.
आणि थोड्या वेळानं, "थंडी आहे का गं खूप?"

सकाळी शाळेसमोर नूनेची विसरलेली वही द्यायला गेले.
ती धावत आली, वही घेतली, पायरीवरून हात केला.
इतकं शांत होतं की वाटलं, पडली बंद.
चालू इंजिनालाच मी चावी मारली.
स्टार्टर असा किंचाळला
की फाटकातल्या बायांनी माना वळवल्या.

नूने परत खिडकीशी आली.
"आई, चालूच आहे ती."