अर्धा दगड

कपाट रिकामं करायला तिनं मलाच बोलावलं.
प्राध्यापक हेल्यू तामसालू, तालिन, तिसरा मजला.
खोलीत कोट घालूनच बसायचं,
हीटरची चावी तिनं कधीचीच तारेनं बांधून टाकलेली.

एकोणसाठ बरण्या राखेच्या.
प्रत्येकीवर साल, बॉयलरचा नंबर,
आणि तिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

आमच्या भाषेत त्याला जळता दगडच म्हणतात.
तपकिरी, हलका, नखानं खरवडला तर रॉकेलचा वास.
भट्टीत घातला की अर्धा जातो,
अर्धा राख होऊन समोर बसतो.
या बसलेल्या अर्ध्याशी तिची तीस वर्षं झटापट.
नळ्यांवर थर कुठे धरतो, हवा किती सोडायची,
ज्योत किती बुटकी ठेवायची.
एकोणतीस टक्क्यांचे एकतीस झाले
तेव्हा नार्वाच्या फोरमननं तिला धुरी दिलेला मासा दिला,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
सत्कार म्हणावा असा तेवढाच.

मग मंत्रालयातली समिती.
सात माणसं, आत वाकून भट्टी पाहिलेली ही एकटी.
अहवालाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर
जुने संच बंद करण्याचं साल भरायचं होतं.
बाकीच्यांनी पेन्सिल उचलली.
हिनं पेन.

नार्वाच्या सभागृहात तक्ते धरून मी तिच्या मागे.
अर्काडी लुकिच उठला, टोपी मुठीत चुरगाळलेली.
"माझ्या बापाला तुम्ही जाळायला शिकवलंत.
आता मला विझवायला शिकवणार?"
दुभाष्यानं वाक्य जरा मऊ करून दिलं.
गरज नव्हती. तिला रशियन येत होतं.

दगडाला पाझर फुटतो की नाही
ते बघायला अख्खं सभागृह पुढे झुकलं.
"हो," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
कुणीतरी खोकलं. 
"मला बावीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.
त्या दोन टक्क्यांच्या आनंदात बोलायचं राहून गेलं."

टाळ्या नाहीत, शिव्याही नाहीत.
परतीच्या गाडीत तिनं माझ्याकडून सफरचंद मागून घेतलं
आणि न खाता तालिनपर्यंत हातात धरलं.

खालच्या खणात अकरा पाकिटं मिळाली.
दर जानेवारीत अर्काडी विजेचं बिल पाठवतो,
सोबत एकच ओळ: हे कसं भरू?
प्रत्येकाच्या पाठीवर तिचं गणित,
खिडकीच्या फटी, भिंतीची जाडी, कोणत्या अर्जावर कुठे सही.
शेवटच्या पाकिटावर गणित नाही.
नुसतं: येते.

बरण्या संग्रहालयाला द्यायच्या ठरल्या. अठ्ठावन्न.
एक तिनं कोटाच्या खिशात घातली.

बाहेर पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ,
शिपाई वाळू टाकायला विसरलेला.
तिनं झाकण फिरवलं,
आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी
मूठमूठ राख पुढे टाकत निघाली.

एकोणीसशे एकोणऐंशीवर पाय देत
आम्ही दोघी सावकाश खाली उतरलो.