सिंधरोटचं लाकूड

महीच्या काठी सापडलं, सिंधरोटला.
चिंचेचं असावं. भाचा म्हणतो बाभळीचं.
साल नखानंही सुटत होती.
जुन्या दातब्रशनं भेगा कोरल्या
आणि दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत
कार्याच्या पातेल्यात तीन तास उकळलं.
पाणी चहासारखं.
दुसऱ्या दिवशीही चहाच.
हंसाबेन कठड्यावरून डोकावल्या :
"आटलो बधो उकाळो कोना माटे?"
माशांसाठी, म्हटलं.

सोळा दिवस पाणी बदलतोय.
रंग उतरतो, पण हे बुडत नाही.
दाबून धरलं तर तळहाताखालून
निसटतं, तिरकं वर येतं.

काल घासताना बोटाला लागली
एका टोकाची गुळगुळीत खाच,
दोरानं पाडलेली.
कुणीतरी नाव बांधत असणार याला
पुरात हा खुंट उखडेपर्यंत.

जन्मभर ज्यानं
तरंगणाऱ्याला जागेवर धरलं
त्याला मी सांगतोय, बूड.

कोट्याच्या फरशीचा तुकडा घेतला.
नायलॉनची दोरी त्याच खाचेतून फिरवली,
न सरकता बसली.

पाणी आज फिकं, पाहुण्याला देववणार नाही
इतका पातळ चहा.
मासे अजून रावपुऱ्यात, दुकानातच.
कुमुदिनी विचारते,
पातेलं कधी मोकळं होणार?