मंगळवार, शुक्रवार

स्वान्सीच्या दवाखान्यात नर्स ब्रॉन्वेननं विचारलं,
'संबंधाच्या वेळी दुखतं का?'
आवाज असा, जणू विचारतेय,
बसनं आलात का, बाहेर वारा आहे का.
मी म्हटलं, 'अ लिटल.'
तीन वर्षं दोन शब्दांत कोंबली
आणि पर्सची चेन
उघडत, लावत राहिले.

मराठीत विचारलं असतं, तर?
मराठीत त्या जागेला माझ्याकडे
'तिथे' एवढंच नाव आहे.
आईनं दिलेलं, तिला तिच्या आईनं.
नाम नाही, सर्वनाम नाही, नुसतं अव्यय,
ज्याला लिंग नसतं, वचन नसतं.

पाळी होती तोवर शब्द तरी होते:
कावळा शिवला, अडचण आहे, बाजूला बसलीय.
थांबली तेव्हा नुसतं 'गेली',
जशी शेजारची म्हातारी गेली.
पुस्तकात म्हणतात रजोनिवृत्ती.
निवृत्ती म्हणजे शाल, चार शब्द कौतुकाचे.
मला शाल मिळाली नाही.
नारळ तेवढा मिळाला.

जानेवारीत मध्यरात्री मी खिडकी सताड उघडायची.
हेरंब रजईत कुडकुडायचा, बोलायचा नाही.
एका रात्री मी ओरडले.
पहिले दोन सेकंद त्याला ते सुखाचं वाटलं.
पॉलिश पेपर फिरवल्यासारखं, आतून.
मग तो जो थांबला
तो दीड वर्षं थांबलाच.

त्याला वाटलं, त्याचा कंटाळा आला मला.
मला वाटलं, त्याला दिसली मी म्हातारी झालेली.
आम्ही बॉयलरबद्दल बोललो,
कार्डिफला लेकानं घेतलेल्या घराच्या हप्त्यांबद्दल.
पाठीला पाठ लावून झोपलो,
एकाच नाण्याचे छापा-काटा,
एकमेकांचं तोंड कधी न पाहिलेले.

आणि हे कुणी सांगितलंच नव्हतं,
की कोरडी होते म्हणजे विझते असं नाही.
मार्केटात कॉकल्स विकणारा एक जण आहे.
आपल्या तिसऱ्यांची चुलत भावंडं ती, मीठ लावून, गरम.
त्याच्या ओल्या मनगटाकडे बघत
मी एकदा सुट्टे पैसे घ्यायचे विसरले.
पन्नास पेन्स. वय चौपन्न.

ब्रॉन्वेन म्हणाली, 'माझंही तेच चाललंय.
आणि माझ्या बायकोचंही. रात्री दोघी घामाघूम,
पंख्यावरून भांडणं.'
मी हसले. कितीतरी दिवसांनी पोटातून.
तिनं गोळ्या लिहून दिल्या, 'तिथे' ठेवायच्या.
दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, वार तुम्ही ठरवा.
वेल्समध्ये औषधाला पैसे पडत नाहीत.
पडले असते, तर कदाचित घेतल्याच नसत्या.
मी मंगळवार, शुक्रवार ठरवले.
आई उपास धरायची ते.

हेरंब लसूण सोलत होता.
त्याच्या हातांकडे बघून म्हटलं,
'मला तू नको नव्हतास. मला दुखत होतं.'
पाकळी हातातच राहिली.
'मग आधी का नाही बोललीस?'
'शब्द नव्हता.'
नळ ठिबकत होता. तो बराच वेळ पाकळीचं साल
शोधत राहिला, जे केव्हाच निघालं होतं.
मग म्हणाला, 'साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून
मलाही… म्हणजे… तिथे…'

त्याचाही शब्द तोच.
सत्तावीस वर्षं एका घरात,
आणि अव्यय सामायिक निघालं.

इथे कावळे कमी, सीगल फार,
कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, कुणाला शिवत नाहीत.
माझा एक कावळा यायचा थांबला.
दुसरा येईल, दहाव्याच्या भाताला.
येऊ दे सावकाश.
मधली ही वर्षं कुठल्याच पक्ष्याची नाहीत.

आज शुक्रवार.
घाई नाही, खात्रीही नाही.
मी खाली भांडी विसळतेय.
वर, न सांगता,
हेरंबनं खिडकी उघडल्याचा आवाज येतोय.