याच नावाचं एक आधीपासून आहे

राउमाच्या जहाजकारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
तुइरे हाउतालाच्या पडद्यावर काल संध्याकाळी
एक चौकट उघडली होती:
“सामान्य” नावाचं कॅलेंडर आधीपासून आहे. बदलू?

नाव बदलू, की कॅलेंडरच बदलू,
हे चौकटीने सांगितलं नाही.
तुइरेला वाटलं, नाव.
खाली गाडीची काच गोठत होती,
हो म्हणून ती घरी गेली.

रात्रीतून फेरीबोट अकरा दिवस अलीकडे आली.
पडद्यावर.
गोदीत ती होती तिथेच, पोट उघडं,
बरगड्यांवर भुरभुर बर्फ,
आणि आत कोणीतरी एकटा ठोकत होता.

सकाळी हेलसिंकीहून अभिनंदनाचा निरोप.

हेलसिंकीचं “सामान्य” सगळ्या शाखांसाठी एकच:
आठ ते चार, सोमवार ते शुक्रवार,
इस्त्रीची घडी न मोडलेलं.
राउमाचंही “सामान्य”च,
पण वापरून वापरून कोपरांवर विरलेलं.
एक सामायिक साच्यातून आलं, एक इथल्या फाइलीत वाढलं,
आणि यंत्र फक्त नाव वाचतं, तोंड बघत नाही.

तिने शनिवारची प्रत उघडली.
जुन्या कॅलेंडरात बारीक बारीक भोकं:
गुरुवारी दुपारी अर्धा तास जास्त.
(वाटाण्याचं सूप, वर पॅनकेक. हे लिहावं लागत नाही.)
ऑक्टोबरचा एक आठवडा अर्धा.
(शिकार. हेही नाही.)
एकोणीस फेब्रुवारी, दरवर्षी: क्रेन बंद.
कारणाचा रकाना रिकामा.

ती खाली तिसऱ्या शेडमध्ये गेली.
तिथे आइमो दोन आहेत.
क्रेनचा आइमो आणि रंगाचा आइमो;
गेली वीस वर्षं एकाचा पगार दुसऱ्याला गेलेला नाही,
आणि त्यासाठी कुणाला आइमो-दोन व्हावं लागलं नाही.

क्रेनच्या आइमोने हातमोजे काढले, विचार केला, पुन्हा घातले.
“ते ओस्मो मुकादमाने लावलं होतं.”
का?
“मी विचारलं नाही.
त्या दिवशी चालवायची नाही, एवढं ठाऊक.”
ओस्मो आता कुठे?
त्याने हनुवटीने दाखवलं. समुद्राकडे,
की त्या बाजूच्या स्मशानाकडे,
तिला नीट कळलं नाही.

फोनवर हेलसिंकीचा यालमारी:
“सोपं आहे. आमचं ठेवा, तुमचं काढा.
नाहीतर तुमच्यापुढे दोनचा आकडा लावा.”

दोनचा आकडा!
हे कॅलेंडर तुमच्या साच्याच्या आधीचं, यालमारी.
थोरल्याने धाकट्याचा आकडा का लावून घ्यावा?
पण हे ती बोलली नाही. म्हणाली, “बघते.”

मग बघत बसली.
“तिसरी शेड” असं नाव दिलं.
नाव देणं सोपं; एकेचाळीस कामं
जुन्या हाकेलाच ओ देत होती.
एकेकाला पकडून नवी ओळख सांगायची:
वेल्डिंग, तू इकडे. रंग, तूही.
सुकाणूची तपासणी, नाही, तू हेलसिंकीचीच;
तुझे लोक बाहेरून येतात, त्यांना सूप माहीत नाही.

तीन वाजताच अंधार झाला. साडेचारला तिने फाइल बंद केली,
पुन्हा उघडली.
चौकट आली नाही.
दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी,
एकमेकांशी न बोलता, पण न भांडता.

फेरीबोट अकरा दिवस पुढे गेली. म्हणजे जागेवर आली.

तासाभरात विचारणा:
एवढा उशीर अचानक कसा?
तिने लिहिलं: उशीर झालेला नाही.
पुसलं. लिहिलं: कालची तारीख चुकीच्या कॅलेंडराची होती.
पाठवलं.

जाता जाता एकोणीस फेब्रुवारीवर थांबली.
कारणाचा रकाना लुकलुकत होता.
तिने लिहिलं: ओस्मोला विचारा.
थोडा वेळ बघितलं,
आणि तसंच ठेवलं.