नमतुं

कुमुदच्या शोधनिबंधाची सोळा पानं काल रात्री
पुन्हा वाचली. ‘अधिमान्यता’ हा शब्द
अजून दातात अडकल्यासारखा वाटतो.
जगाचा कारभार चालवणाऱ्या लांबच्या कचेऱ्यांना
हुकूम काढायचा हक्क कोणी दिला,
आणि दिला नसेल तर लोक ऐकतात का,
असं काहीसं. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत.
मी तोलमाप खात्यातून सुटलो त्याला नऊ झाली.

सकाळी दोघं खंडेराव मार्केटला गेलो.
तिच्याकडे प्रश्नावल्या, माझ्याकडे नुसती पिशवी.
जशीबेननं वाल सोलता सोलता ऐकून घेतलं:
एक म्हणजे अजिबात विश्वास नाही,
पाच म्हणजे पूर्ण.
“आ लोको कोण? अहीं कदी आव्या छे?”
नाही, जिनिव्हात असतात.
“तो त्रण लखो. बिचारा आघा रहे छे.”
कुमुदनं तीनला गोल केला,
बिचारे लांब राहतात म्हणून.

मी तिचं किलोचं वजन उचलून उपडं केलं. जुनी खोड.
बुडाशी शिशाची गोळी,
गोळीवर शिक्का, सालाचा आकडा झिजलेला.
असे हजारो ठोकलेत मी, रावपुऱ्यापासून पादऱ्यापर्यंत.
माझा किलो अहमदाबादच्या किलोला जुळायचा,
तो दिल्लीच्या, दिल्लीचा पॅरिसजवळ
तळघरात तीन काचेच्या घंटांखाली बसलेल्या
एका ठोकळ्याला.
तो मी कधी पाहिला नाही,
त्याच्या नावानं दंड मात्र केले.
एकदा एका विधवेला, चाळीस ग्रॅमसाठी.
कोणाचा किलो, असं तिनं विचारलं नाही.
पावतीची घडी करून कनवटीला लावली.

आता तो ठोकळाही गादीवरून उतरवला म्हणे.
परदेशात सभा भरली, हात वर झाले,
किलो म्हणजे यापुढे एक आकडा, कधीच न झिजणारा.
त्या दिवशी बडोद्यात मेथी वीस रुपये जुडी होती.
कोणी काही बोललं नाही.
हे न बोलणं मोजायचं कसं,
तिथेच कुमुदचं चौथं प्रकरण अडलंय.

जशीबेननं वांगी तोलली. काटा मध्यावर आला
तरी आणखी एक टाकलं, पारडं आमच्याकडे कललं.
“नमतुं,” ती म्हणाली.
आपण झुकतं माप म्हणतो आणि नाक मुरडतो.
यांच्यात नमतुं जोखणं म्हणजे माघार घेणं,
भांडणात, सोयरिकीत.

तीस वर्षांत
त्या जादा वांग्यासाठी मला कलम सापडलं नव्हतं.
कुमुदनं पेन काढलं होतं, रकाना सुचेना.
मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.