सव्वापाचशे युनिट

मी बॉयलरचा माणूस.
लडलोतल्या निम्म्या घरांचं गरम पाणी
माझ्या पान्याच्या ओळखीचं.
मे महिना लागला की फोन गप्प होतो
आणि मी टेकडीखालच्या उघड्या तलावावर जाऊन बसतो,
जिथे बॉयलरच नाही.

दारात काळा फळा.
ग्विलिम प्रॉसर दोरीला बांधलेला थर्मामीटर
आडातून कळशी शेंदावी तसा वर काढतो
आणि खडूने लिहितो: अकरा.

ऑलवेन टक, वय एक्क्याऐंशी, फळा वाचत नाही.
शिडी उतरते. एक श्वास अडतो, तेवढाच.
मग तिची पांढरी टोपी पलीकडे निघते
ताकावरच्या लोण्याच्या गोळ्यासारखी, सावकाश.

मी बाकावर हिशेब मांडतो.
पाणी साडेचार लाख लिटर.
एक अंश चढवायचा तर सव्वापाचशे युनिट.
हे बिल गिऱ्हाइकाला दाखवलं
तर तो तोंडावर दार लावेल.
सूर्य मात्र न बोलता भरत राहतो,
आणि रात्र मागल्या दाराने
त्यातलं बरंचसं उचलून नेते,
आभाळ निरभ्र असलं की जास्तच.
ढगाळ रात्री बऱ्या. गोधडीसारख्या.
वारा तर चोरच:
पाणी नुसतं कुरवाळतो म्हणता म्हणता
ऊब खिशात घालून मेंढरांच्या रानात पसार.

बारा. तेरा. तेरा. चौदा.
मग तीन दिवस पाऊस.
पुन्हा बारा.
ग्विलिम आकडा बाहीनेच पुसतो.
मी पाय बुडवतो, काढतो,
बूट घालून घरी.

धाकट्या भावाच्या आंघोळीसाठी आत्या
अंगणात पितळी घंगाळ भरून ठेवायची.
दुपारी कोपर बुडवून बघायची,
म्हणायची, झालं ऊन.
आभाळातून पडतं तेही ऊन,
घंगाळात होतं तेही ऊन.
इथे आल्यावर त्यासाठी दोन शब्द शिकावे लागले,
आणि मधली वायर कुठेतरी तुटली.
एवढी वर्षं दुरुस्तीत काढून
ती मात्र मला सापडली नाही.

जुलैत आठवडाभर झळा.
हवा तीसवर, फळ्यावर अठरा.
हवेला घाई असते. पाण्याला नसते.
उथळ टोक आधी तापतं,
खोल टोक ऐकून न ऐकल्यासारखं करतं.
मग सगळा गाव लोटतो,
टॉवेल, उन्हाने लाल झालेल्या पाठी,
काठावरून एकामागून एक धबाधब उड्या.
एकवीस!
ग्विलिम उद्गारचिन्ह दोनदा गिरवतो.
ऑलवेन पहिल्यांदाच फळ्यापाशी थांबते.
"गाजरं सोलून टाका आता यात,"
म्हणते, आणि कोरड्या टोपीने घरी जाते.

त्या दिवशी मी उतरलो.
छातीशी जुलै,
घोट्यांशी अजून एप्रिल.
पोरं हसली, कारण मी ओरडलो
ते मराठीत.

आता ऑगस्ट संपत आलाय.
पहाटे हवा नऊ अंश असेल,
पोरं शाळेच्या तयारीत,
आणि तलावावरून वाफ निघतेय
बंबाचं झाकण उघडल्यासारखी.
दोन महिने सूर्याने जे भरलं
त्यातलं काही पाण्याने लपवून ठेवलं होतं,
रात्रीलाही न सापडेल असं.

ग्विलिम दोरी सोडवतोय.
मी कोपर बुडवतो. सतरा, म्हणतो.
तो ओढतो, चष्मा वर करून बघतो,
काही न बोलता लिहितो: सतरा.

जूनमध्ये याच सतराला
मी पाठ फिरवली होती.
चढतीचं सतरा बोचायचं.
हे उतरतीचं,
अंगाला जागा करून देतंय.

"आता कसं पाण्यासारखं वाटतं," ऑलवेन म्हणते,
आणि निघतेही.

टॉवेलखाली फोन थरथरतो.
कुणाचा तरी बॉयलर पेटत नसणार,
मोसमातला पहिला.
मी पांढऱ्या टोपीच्या मागे, खोल टोकाकडे.